अन्नपूर्णेचं ताट कोण वाढतं?

संयोजकांनी आजचा विषय दिला तो असा : 'अन्नाचा व्यवसाय, सकस आहार, आईपण आणि स्वतःचं स्वास्थ्य – समतोल कसा साधावा?' यात चार गोष्टी आहेत आणि शेवटी 'समतोल' हा पाचवा शब्द आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे खोड अशी लागली आहे की चार गोष्टी जरा बाजूला ठेवायच्या आणि आधी त्या पाचव्या शब्दाला हात घालायचा.

समतोल म्हटलं की डोळ्यांसमोर तराजू येतो. तराजूला दोन पारडी असतात, दांडी असते, काटा असतो आणि तो धरणारा एक हात असतो. आता बाईला आपण काय सांगतो? एका पारड्यात मूल ठेव, दुसऱ्यात व्यवसाय ठेव, काटा मध्ये राहील असं बघ, आणि हो, तराजूही तूच धर. शिवाय हात दुखला तर योगासनं कर. आम्हाला हा सल्ला फार विचित्र वाटतो.

म्हणून आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. समतोल ही एक व्यवस्था असते. वेळ, पैसा, जागा आणि माणसं यांच्या वाटपातून ती उभी राहते. ती एकट्या बाईच्या हुशारीवर सोडली की मोडते, आणि मोडते तेव्हा पहिला तडा त्या बाईच्या शरीराला जातो. आजचं सगळं बोलणं या एका वाक्याभोवती आहे.

आपल्या शहरातली चूल

संध्याकाळी औरंगपुरा, उस्मानपुरा, टीव्ही सेंटर अशा भागांतून चालत निघालात तर 'घरगुती मेस', 'डबा मिळेल', 'पोळी-भाजी केंद्र' अशा पाट्या दिसतील. १९५८ साली विद्यापीठ आलं, त्याच्या आगेमागे महाविद्यालयं वाढली, पुढे चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा इथल्या कारखान्यांत माणसं आली, आणि अलीकडे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं आली. बीड, जालना, परभणी, हिंगोलीहून येणाऱ्या या मुलांना दोन वेळचं घरचं जेवण हवं असतं. ते बहुतेक वेळा एखाद्या बाईच्या स्वयंपाकघरातून येतं. तिच्या घरी लहान मूल असतं. मूल आणि डबे, दोन्ही एकाच ओट्याभोवती वाढतात.

या व्यवसायाला भांडवल कमी लागतं, जागा घरचीच असते, कौशल्य आधीपासून हातात असतं. म्हणून 'घरबसल्या काहीतरी कर' असं म्हटलं की पहिलं नाव याचंच निघतं. पण 'घरबसल्या' हा शब्द जरा तपासून बघा. डबे करणारी बाई दिवसात किती वेळ बसलेली असते?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर एक पाहणी केली. कोण कोणत्या कामाला किती वेळ देतं याची ती पाहणी होती. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका तेव्हा त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, म्हणजे जवळजवळ पाच तास. असं काम करणारे पुरुष देत होते ९७ मिनिटं. त्यातही असं काम करणारा पुरुष दर चारांत जेमतेम एक. मुलांची, म्हाताऱ्यांची देखभाल या पाच तासांत धरलेली नाही, ती वेगळी मोजली आहे. म्हणजे डब्याचा व्यवसाय सुरू होतो तो मोकळ्या दिवसात सुरू होत नाही. पाच तास आधीच गेलेले असतात.

मध्यम म्हणजे अर्धं नव्हे

आता थोडं तत्त्वज्ञान. घाबरू नका, थोडंच.

समतोलाचा विचार जवळजवळ सगळ्या परंपरांनी केला आहे. बुद्धाने आत्यंतिक उपासतापास सोडले, सुजातेने दिलेलं अन्न घेतलं आणि मग मध्यम मार्ग सांगितला. गीतेच्या सहाव्या अध्यायातही हाच सूर आहे : अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि उपाशी राहणाऱ्यालाही साधत नाही. गंमत बघा, दोन्हीकडे समतोलाची गोष्ट पोटापासून सुरू होते.

पण आम्हाला इथे सगळ्यात उपयोगाचा वाटतो तो ॲरिस्टॉटल. तोही मध्य गाठायला सांगतो, पण लगेच सावध करतो की हा मध्य गणितातला नाही. त्याचं उदाहरण जेवणाचंच आहे. दहा माप अन्न एखाद्याला जास्त होतं आणि दोन माप कमी पडतं, म्हणून आखाड्याचा वस्ताद सगळ्यांना सहा माप वाढत नाही. मायलो नावाच्या नामांकित मल्लाला सहा माप कमी पडतील आणि कालच आखाड्यात आलेल्या पोराला जास्त होतील. मध्य शोधायचा तो त्या माणसाचा, त्या वेळचा.

हे आपल्या विषयाला लावून पाहा. 'चार तास मुलाला, चार तास कामाला, एक तास स्वतःला' अशी वेळापत्रकं हल्ली फार फिरतात. ती सगळ्यांना सहा माप वाढण्यासारखी आहेत. तीन महिन्यांच्या तान्ह्या बाळाच्या आईचा मध्य वेगळा, दहावीतल्या मुलीच्या आईचा वेगळा. सासू मदतीला असलेल्या घरातला वेगळा, एकटीने संसार ओढणाऱ्या बाईचा तर फारच वेगळा.

ॲरिस्टॉटलची एक मर्यादाही सांगायला हवी. मध्यम मार्गाचा विचार करायला त्याच्या नागरिकाला सवड होती, कारण घरचा स्वयंपाक बायका आणि गुलाम करत होते. ज्यांच्या हाताने ते सहा माप अन्न शिजलं, त्यांचा मध्य कोणता, हे त्याने विचारलं नाही. ते आपण विचारू.

गिरणगावातल्या खाणावळी

यासाठी मुंबईच्या गिरणगावात जाऊ. आपल्या शहरातल्या मेसची ती थोरली बहीणच म्हणा.

कोकणातून, घाटावरून गिरणीत कामाला आलेले पुरुष बायकामुलांना गावी ठेवून एका खोलीत दाटीवाटीने राहायचे. त्यांचं जेवण करायच्या चाळीतल्या बायका. महिन्याच्या बोलीवर, पाळीच्या वेळा सांभाळून. पहिल्या पाळीच्या माणसाचा डबा पहाटे, रात्रपाळीवाल्याचं ताट भलत्याच वेळी. गिरण्यांचे भोंगे वाजायचे आणि त्या भोंग्यावर या बायकांच्या चुली पेटायच्या. इतकं करून हातात काय उरायचं? वाणी धान्य उधारीवर द्यायचा आणि त्यावर जबर व्याज लावायचा. महिन्याच्या पैशातला मोठा वाटा परत त्याच्याकडेच जायचा.

प्रेमा पुरव यांनी हे जवळून पाहिलं. त्या मूळच्या गोव्याच्या. गोवा मुक्तीच्या लढ्यात त्यांच्या पायाला गोळी लागली होती, पुढे मुंबईत त्या कामगार चळवळीत आल्या. संपात, मोर्च्यात गिरणी कामगार दिसायचा, त्याला जेवू घालणारी बाई कुठल्याच यादीत नसायची. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १९६९ साली १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, १९७२ पासून गरिबांना ४ टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजना निघाली होती. कागदावर दार उघडं होतं. पण खाणावळवालीकडे तारण काय? ना घर तिच्या नावावर, ना दागिना शिल्लक. तेव्हा बायकांचे गट केले आणि त्या एकमेकींना जामीन राहिल्या. वाण्याची उधारी सुटायला लागली.

इथे थांबून विचार करा. त्या बाईच्या आयुष्यात समतोल आणायला काय लागलं? तिने पहाटे आणखी लवकर उठायला हवं होतं का? ती आधीच चारला उठत होती. व्याजाचा दर बदलला, पैसे कोणाकडून घ्यायचे ते बदललं, शेजारीण जामीन राहिली, तेव्हा तिला श्वास घ्यायला जागा मिळाली.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. गिऱ्हाईकच गावी परतलं, खाणावळी बसल्या. तेव्हा मंडळाने मोठ्या प्रमाणावर जेवण पुरवण्याच्या कामाकडे मोर्चा वळवला. एकेकटी खाणावळवाली असती तर तिला हे कुठून जमणार होतं?

लोई घरी, पीठ शाखेत

दुसरं उदाहरण सगळ्यांच्या घरात आहे, पापडाचं. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच आजचं श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड. सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या नव्वदीत होत्या.

यशोगाथा सगळ्यांना पाठ आहे. आम्हाला त्यातली कामाची विभागणी महत्त्वाची वाटते. पीठ मळायचं जड काम शाखेत होतं. सभासद बहिणी सकाळी लोया घेऊन जातात, घरी आपल्या सोयीने लाटतात, दुसऱ्या दिवशी पापड परत देतात आणि लाटण्याची मजुरी घेतात. विक्री, वसुली, हिशेब, कच्चा माल, यातलं काही तिच्या डोक्यावर नाही. मूल झोपलं की लाटायचं, उठलं की थांबायचं, हे इथे खरंच शक्य आहे, कारण पापड थांबू शकतो. डबा थांबू शकत नाही. साडेबाराचा डबा साडेबारालाच जावा लागतो.

घरी बाळ असताना कोणता अन्नव्यवसाय करायचा, याचा पहिला निकष आम्ही हाच सांगू : काम थांबवता येतं का? चटण्या, मसाले, पापड, लाडू, भाजणी ही थांबू शकणारी कामं. डबा, मेस, समारंभाचं जेवण ही न थांबणारी कामं. न थांबणारं काम वाईट नाही, पण ते एकटीने उचलायचं नाही. दुसरा हात ठरलेला असेल तरच उचलायचं.

लिज्जतचं कौतुक करताना दुसरी बाजूही सांगू. घरी लाटायचं म्हणजे तासन् तास बसून लाटायचं, आणि पाठ शेवटी बाईचीच असते. शिवाय घरातलं काम लपतं. मारिया मीस या अभ्यासक बाईंनी आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्या बायका परदेशी बाजारासाठी विणत होत्या, पण गावात सगळे म्हणत, त्या घरीच असतात, फावल्या वेळात विणतात. काम जगाच्या बाजारात पोचलं, तरी बाई 'घरीच' राहिली.

अमर्त्य सेन यांनी १९९० च्या एका निबंधात याचं मर्म सांगितलं आहे. घरात कोणाच्या वाट्याला काय येतं, हे त्या माणसाच्या कष्टापेक्षा ते कष्ट इतरांना किती दिसतात यावर ठरतं. आणि जिचे कष्ट दिसत नाहीत, तिला स्वतःलाही आपलं वेगळं असं काही हित आहे हे सुचेनासं होतं. कष्ट दिसायला लावणं हे म्हणून समतोलाचं पहिलं काम आहे.

वहीत एक ओळ वाढवा

दिसायला लावायचे कसे? सोपा उपाय हिशेबाच्या वहीत आहे.

समजा, एक बाई रोज २० डबे देते, डबा ८० रुपये. जमा झाले १६००. शिधा, भाजी, तेल, गॅस, पोचवणं धरून खर्च १०००. उरले ६००. ती सांगते, 'रोज सहाशे रुपये नफा आहे.' आता तास मोजा. मंडई, निवडणं, चिरणं, पोळ्या, भरणं, भांडी, सगळे मिळून दहा तास. म्हणजे तासाला ६० रुपये. मंडळी, हा नफा नाही, ही मजुरी आहे. नफा शून्य. आणि ती आजारी पडली त्या दिवशी मजुरीही शून्य.

कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० मध्ये आलं आणि मराठी घरात वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक शिकता येऊ लागला. हे फार मोठं काम होतं. पण कुठल्याच पाककृतीच्या साहित्यात 'करणाऱ्या बाईचे दीड तास' असं लिहिलेलं नसतं. धंद्याच्या वहीत ते लिहिलंच पाहिजे. आधी स्वतःची मजुरी खर्चात धरा, मग डब्याचा भाव ठरवा. भाव वाढवणं जमत नसेल तर डबे कमी करा, नाहीतर दोघी-तिघी मिळून मंडई आणि पोचवणं एकत्र करा. गिरणगावातला धडा तोच आहे.

सकस कोणासाठी?

आता सकस आहार. इथे मराठवाड्याला कोणी फार शिकवायला नको. ज्वारी-बाजरीची भाकरी, वरण, अंबाडी, शेपू, जवसाची चटणी, करडईचं तेल. चांगलं जेवण होतं. पण भाकरीला गरिबीचा वास चिकटला. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी रोजगार हमीच्या कामावर सुकडी खाल्ली, परदेशातून आलेली लाल मिलो खाल्ली. पुढे रेशनला गहू-तांदूळ आला, आणि पोळी ही प्रगतीची खूण झाली. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं झालं आणि तीच ज्वारी 'मिलेट' होऊन परत आली, जरा महाग होऊन.

व्यवसायाला ही संधी आहे. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. भाकरी एकेक थापावी लागते आणि गरम खावी लागते, तेव्हा तिचा भाव पोळीचा असू शकत नाही. दुसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. तूप-साखरेत घोळलेल्या बिस्किटात मूठभर नाचणी टाकून वर 'आरोग्यदायी' लिहू नका. खोट्या दाव्यांना २०१८ च्या अन्नविषयक नियमांनी बंदी आहेच, पण कायदा नसता तरी तो विश्वासघातच झाला असता. तुमच्या डब्यावर कोणाचं तरी मूल वाढतंय.

आणि तुमचं मूल? स्वतःचं शरीर? आपल्याकडे डिंकाचे, हळिवाचे लाडू करून विकणाऱ्या कितीतरी बायका आहेत. दुसऱ्या घरच्या बाळंतिणीला त्या पोषण पुरवतात. २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरी करणाऱ्या बाईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते. लाडू करणारीला स्वतःच्या बाळंतपणात किती आठवडे? ती कोणाची नोकर नाही, म्हणून तिला रजाही नाही. सरकारच्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५००० रुपये मिळतात, ते जरूर घ्या. पण रजेचा निधी व्यवसायातूनच, रोजचे पाच-दहा रुपये बाजूला टाकत, आधीपासून उभा करावा लागेल.

शेवटचा आकडा सांगतो. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि बाळंतपणाच्या वयातल्या बाईला २९. जिला दीडपट हवं, ती सगळ्यांत शेवटी जेवते, उरलेली भाजी आणि चहा यांवर दिवस काढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला, त्यात नवल ते काय?

आपल्या लग्नात मुलीला माहेरून अन्नपूर्णेची मूर्ती देतात. तिच्या हातात पळी असते. पुढ्यात तिचं स्वतःचं ताट मात्र कधी घडवलेलं पाहिलंय का? ते ताट आपल्याला घालायचं आहे. २० डबे भरायचे असतील तर स्वयंपाक २१ जणांचा करा, आणि एकविसावा डबा सगळ्यात आधी भरून ठेवा.

श्रोत्यांचे प्रश्न

एका भगिनीने विचारलं : 'बाळ चार महिन्यांचं आहे. घरचे म्हणतात, घरूनच डबे सुरू कर, दोन्ही होईल. काय करू?'

ताई, पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या काळात आईलाच रोज पाचशे-सहाशे कॅलरी जास्त लागतात, झोप लागते. उकळतं तेल आणि रांगायला निघालेलं बाळ एका खोलीत नको. घरच्यांना एवढंच विचारा : डबे भरायच्या तीन तासांत बाळ कोणाकडे असेल? नाव ठरलं, वेळ ठरली, तर सुरू करा. 'बघू आपण' असं उत्तर आलं, तर तूर्त चटणी-मसाल्यासारखं थांबणारं काम घ्या. अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी मात्र त्यालाही लागते, ती करून घ्या.

दुसरा प्रश्न : 'मुलांच्या आधी स्वतःचं ताट भरायचं, हा स्वार्थ नाही का?'

कान्टने याचं उत्तर दिलं आहे. माणसाची स्वतःविषयी काही कर्तव्यं नसतील, तर इतरांविषयीच्या कर्तव्यांनाही पाया उरत नाही, असं तो म्हणतो. आम्ही त्यात घरगुती भर घालतो. उपास करणारी बाई आणि उपाशी राहिलेली बाई, दोघींचं पोट सारखंच रिकामं असतं. पण पहिलीने ते निवडलेलं असतं, दुसरीवर ते आलेलं असतं. त्याग हा शब्द पहिलीसाठी राखून ठेवावा. आणि तुमची मुलगी रोज बघते आहे की आई कधी जेवते. ती तेच शिकणार आहे. मुलगाही.

आजच्यापुरतं इथे थांबू. आणि घरी गेल्यावर बघा जरा, आज शेवटी कोण जेवतंय ते.